वाचलेल्या घासाचा हिशेब

वसईच्या पट्ट्यात किंवा मुंबईच्या जुन्या गावठाणांत प्रायश्चित्तकाळातल्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या (लेंट), शुक्रवारी कॅथलिक घरात मटण शिजत नाही. पण पापलेट तळले तर नियम मोडत नाही. मोठ्या पापलेटाने भावात मटणाला केव्हाच मागे टाकले आहे, तरीही चर्चच्या कायद्याच्या अक्षरात मासळी ‘मांस’ या सदरात येत नाही, आणि म्हणून तव्यावरचा तो महागडा तुकडा त्यागाच्या खात्यावर जमा होतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या भाषेत जन्मली, त्याच भाषेतल्या ख्रिस्ती लोकांनी तिची आपली आवृत्ती काढली, एवढेच म्हणता येईल. या विसंगतीवर हसणे सोपे आहे आणि आपण ते दरवर्षी हसतोही. पण अलीकडे ख्रिस्ती उपवासाचे जे समर्थन कानावर येते, ते या पापलेटापेक्षा अधिक काळजी करण्यासारखे आहे.

हे समर्थन दोन तोंडांनी बोलते. एक तोंड शिकलेल्या मध्यमवर्गाचे आहे: सोळा तास पोट रिकामे ठेवले की पेशी स्वतःची साफसफाई करतात, वजन उतरते, साखर ताब्यात येते, या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले आहे, आणि पाहा, आपल्या धर्माने हे दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. दुसरे तोंड काही उपास-प्रार्थनेच्या मेळाव्यांत ऐकू येते: तीन दिवस, सात दिवस, जमल्यास निर्जळी उपास करा, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकलेला आजारही निघून जाईल. पहिल्याच्या हातात प्रयोगशाळेचा अहवाल असतो आणि दुसऱ्याच्या हातात पवित्र शास्त्राचे वचन, म्हणून दोघे एकमेकांपासून फार दूर आहेत असे वाटते. माझ्या मते दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही उपवासाला स्वतःच्या देहासाठी काहीतरी मिळवण्याचे साधन केले आहे, आणि ख्रिस्ती परंपरेत उपवासाचा हिशेब ज्या माणसापाशी पूर्ण होत असे, तो भुकेला शेजारी दोघांच्याही बोलण्यातून गळून पडला आहे.

आधी शरीराचे पाहू, कारण तिथे खोटे फार नाही, फुगवलेले मात्र बरेच आहे. जेवण थांबले की साधारण दिवसभरात यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत येतो आणि शरीर चरबीतून तयार होणाऱ्या कीटोनांकडे वळते. हे पाठ्यपुस्तकातले ज्ञान आहे आणि उपवास कोणत्या देवाच्या नावाने केला, याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्या नोबेल पारितोषिकाचा दाखला दिला जातो, ते 2016 साली जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना पेशी स्वतःचेच घटक मोडून पुन्हा वापरतात त्या प्रक्रियेच्या, म्हणजे ऑटोफॅजीच्या, संशोधनासाठी मिळाले. त्यांचे मूलभूत प्रयोग यीस्टवर झाले होते. यीस्टच्या पेशीत जे दिसले त्यावरून शुक्रवारचा उपवास कर्करोग टाळतो असा निष्कर्ष काढणे, हे त्या शास्त्रज्ञावरही अन्याय करणारे आहे. वजनाबद्दल बोलायचे तर 2022 साली चीनमधल्या ग्वांगजो इथे 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांनी उष्मांक सारखेच कमी केले होते; त्यांपैकी काहींनी सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाल्ले, बाकीच्यांना वेळेचे बंधन नव्हते. वजन दोन्ही गटांचे उतरले, पण वेळेच्या बंधनामुळे वेगळा म्हणावा असा लाभ आढळला नाही. थोडक्यात, घड्याळ पाहून खाल्ल्याने नव्हे, कमी खाल्ल्याने वजन उतरले.

ख्रिस्ती उपवासाचा म्हणून झालेला सर्वांत बोलका अभ्यास ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचा आहे. ऑर्थोडॉक्स चर्चची उपवासाची दिनदर्शिका पाळणारा माणूस वर्षातले 180 ते 200 दिवस मांस, दूध, अंडी आणि बहुतेक दिवस मासळीही वर्ज्य करतो. उपाशी राहण्यापेक्षा हा पदार्थ गाळण्याचा उपवास आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत नियमित उपवास करणारे 60 आणि न करणारे 60 अशा 120 जणांच्या रक्ताची वर्षभर तपासणी झाली. उपवासाच्या काळाअखेर उपवास करणाऱ्यांचे एकूण कोलेस्टेरॉल दुसऱ्या गटापेक्षा सुमारे साडेबारा टक्क्यांनी आणि एलडीएल, म्हणजे वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल, सुमारे सोळा टक्क्यांनी कमी भरले. ही घट लहान नाही. मात्र ज्याला आपण चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो ते एचडीएलही थोडे उतरले होते, आणि लोण्या-चीजकडे परतल्यावर आकडेही परतीच्या वाटेला लागले. म्हणजे गुण कडधान्यांचा, भाज्यांचा आणि न खाल्लेल्या चरबीचा होता. इथिओपियातल्या तेवाहेदो या प्राचीन ऑर्थोडॉक्स चर्चची माणसे बुधवार-शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचे 55 दिवस टेफ या धान्याच्या इंजेरावर (आंबवलेल्या पिठाच्या पोळीवर) डाळींचे आणि शिरोचे (कडधान्याच्या पिठाचे) कालवण घेऊन दुपारनंतर जेवतात, तेव्हा तेही आहारशास्त्राला मान्य होईल असेच जेवत असतात. पण त्यांच्यापैकी कुणाला जाऊन ‘तुमचा उपवास कोलेस्टेरॉलसाठी फार उत्तम’ असे म्हणणे, हे नमाज पढणाऱ्याला ‘गुडघ्यांना चांगला व्यायाम होतो’ म्हणण्याइतकेच अर्धवट कौतुक ठरेल.

कौतुक अर्धवट असले तरी बिघडले काय, असे कुणी विचारेल. बिघडते ते असे की, जे फायद्यासाठी धरले ते तोट्यासाठी सोडावेही लागते. उद्या एखाद्या अभ्यासाने सकाळची न्याहारी चुकवणे हृदयाला घातक ठरवले, तर प्रायश्चित्तकाळ रद्द करायचा का? आणि आपल्या समाजापुरता एक जास्त रोकडा मुद्दा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळले आणि औषध मात्र नेहमीच्या मापाने घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. याउलट उपवास म्हणून औषधही सोडले तर दुसऱ्या टोकाचा धोका उभा राहतो. गरोदर स्त्री, मूत्रपिंडाचा रुग्ण, खाण्याशी आधीच वैर असलेली तरुण मुलगी यांना ‘उपवास आरोग्याला चांगला’ हे सरसकट वाक्य ऐकवणे बेजबाबदारपणाचे आहे, मग ते व्यासपीठावरून ऐकवा नाहीतर मोबाइलवर पाठवा.

भूक माणसाला आपोआप पवित्र करते, हा दुसरा गोड समज. त्याला उत्तर देणारा एक प्रयोग योगायोगाने ख्रिस्ती माणसांनीच आपल्या देहावर करून घेतला. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवले. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला विवेकबुद्धीने नकार दिलेले स्वयंसेवक होते आणि त्यांच्यातले बरेच जण मेनोनाइट, ब्रेदरन, क्वेकर अशा शांतिवादी चर्चमधून आलेले होते. युद्धात उपासमार झालेल्या युरोपला पुन्हा अन्नावर कसे आणावे ते कळावे, म्हणून त्यांनी हे कष्ट पत्करले. यापेक्षा शुद्ध हेतू शोधून सापडणार नाही. तरीही त्यांचे वजन सुमारे पाव भागाने घटत गेले तशी ही भली माणसे चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, ताटल्या चाटू लागली आणि पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागली. आपला उपवास त्या प्रयोगाइतका कठोर नसतो हे खरे. पण भूक मन वर उचलते तशीच ते ताटातच अडकवूनही ठेवते, आणि दोहोंतले काय घडेल हे भुकेवर अवलंबून नसते.

महाराष्ट्रात हे पंडिता रमाबाईंइतके कुणाला ठाऊक असणार? तीर्थाटन, व्रते आणि उपास यांत वाढलेल्या या मुलीने 1874 च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गमावली. आपली अन्नान्नदशा त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. 1896 नंतरच्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या, केडगावच्या ‘मुक्ती’ या आपल्या आश्रमात त्यांना आसरा दिला. तो निर्णय भुकेची आठवण असलेल्या बाईचा होता. उपवास आणि उपासमार यांत शरीरातल्या रसायनांचा फरक फारसा नाही. फरक एवढाच की, उपवास करणाऱ्याच्या घरात डबा भरलेला असतो आणि तो उघडायचा की नाही हे त्याच्या हातात असते. या भरलेल्या डब्याचे काय करायचे, इथूनच ख्रिस्ती उपवासाचा खरा विषय सुरू होतो.

हे माझे आधुनिक, सामाजिक भाष्य नव्हे. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला आणि तू पाहिले नाहीस. उत्तर येते की तुम्ही उपासाच्याच दिवशी मजुरांकडून राबवून घेता आणि भांडणात मुठी उगारता, आणि मला हवा असलेला उपास म्हणजे दुष्टतेच्या बेड्या तोडणे आणि आपली भाकर भुकेल्याला वाटणे. पहिल्या पिढ्यांच्या ख्रिस्ती लोकांनी हे काव्य म्हणून सोडून दिले नाही, त्याची व्यवस्था लावली. ‘दिदखे’ या अगदी प्राचीन मार्गदर्शिकेत बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे दिवस ठरवून दिलेले आहेत. दुसऱ्या शतकात अथेन्सचा ॲरिस्टायडीज रोमन सम्राटाला ख्रिस्ती लोकांची ओळख करून देताना सांगतो की, त्यांच्यात कुणी गरजू असला आणि द्यायला शिल्लक काही नसले, तर ते दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याच्या अन्नाची सोय करतात. त्याच शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात तर हिशेबाची रीतच दिली आहे: उपासाच्या दिवशी भाकर आणि पाणी एवढेच घ्यावे, एरवी त्या दिवशी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी, आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी.

मला या सूचनेतला वाणसौद्याचा कोरडेपणा फार आवडतो. त्यात आत्म्याच्या उन्नतीची भाषा नाही, डोळे मिटणे नाही. पाटी घेऊन आकडा मांडणे आहे. पापलेट खाल्ले तर हा हिशेब शून्यावर, किंबहुना उणेवर येतो, हे सांगायला धर्मशास्त्री लागत नाही. पुढे चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल उपवासावरच्या प्रवचनात सुनावतो की तुम्ही मांस खात नाही, पण भावाला खाता. आणि पाचव्या शतकात पोप लिओ पुन्हा पुन्हा सांगतो की आपल्या चैनीतून काढलेले गरिबाच्या पोटात गेले पाहिजे. तेव्हा ‘आधी उपवास, मग जमले तर दानधर्म’ अशी क्रमवारी मूळ परंपरेत नव्हतीच. दोन्ही मिळून एकच कृती होती, आणि उपवास हा तिचा घरातला अर्धा भाग होता.

दुसरी विसरली गेलेली गोष्ट म्हणजे, देह मोडू नये याची काळजी याच परंपरेने घेतली होती. इजिप्तच्या वाळवंटातल्या मठवासीयांकडे राहून आलेला कॅसियन हा मठवासी लेखक बजावतो की अतिभोजन आणि अतिउपवास ही दोन टोके शेवटी एकाच जागी येऊन मिळतात. त्यानेच सांगितलेल्या एका वृद्ध मठवासीयाने पाहुण्यांसाठी उपास मोडला आणि कारण दिले की उपास माझ्याजवळ नेहमीच आहे, तुम्ही मात्र निघून जाल. संत बेनेडिक्टने मठांसाठी घालून दिलेल्या नियमावलीत आजाऱ्याला मांसाची मुभा आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस हा धर्मशास्त्री लहानांना उपवासाच्या बंधनातून वगळतो, मजुराला व यात्रेकरूला परिस्थिती पाहून सूट देतो, आणि भीक मागून जगणाऱ्यालाही मोकळा ठेवतो, कारण ज्याला एका वेळचे पुरेसे मिळत नाही त्याने आणखी काय सोडायचे? आजचा कॅथलिक कायदा तर इतका सौम्य आहे की त्याला उपवास म्हणावे का, असा प्रश्न पडतो: शुक्रवारचे मांसवर्जन सोडले तर उपवास वर्षातून दोनच दिवस, भस्मबुधवार (प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), वय 18 पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल ठेवेपर्यंतच्यांना बंधन, आणि त्यातही एक पूर्ण जेवण व दोन अल्प आहार. परंपरेत याउलट उदाहरणेही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. सिएनाची संत कॅथरिन अन्न जवळजवळ टाकून 1380 साली तेहतिसाव्या वर्षी वारली आणि तिच्या हयातीतच तिचे न खाणे अनेकांना खटकत होते. तिचे संतपण मला मान्य आहे. तिचा आहार कुणी अनुकरणीय म्हणून मुलींपुढे ठेवू नये, असेही मला तितकेच ठामपणे वाटते.

आता आजार बरे करणाऱ्या उपासाकडे येतो. त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे वचन मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातले, दुष्ट आत्म्यांविषयीचे आहे: ही जात प्रार्थना व उपास यांवाचून निघत नाही. यातले ‘व उपास’ हे शब्द सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन श्रेष्ठ हस्तलिखितांत मुळात नाहीत, आणि मत्तयातले तशाच आशयाचे वचनही त्या दोन्हींत नाही. नंतरच्या नकलाकारांनी, बहुधा मठांत उपवासाची थोरवी वाढत गेली तसे, ते शब्द घातले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि आजच्या अनेक भाषांतरांनी ते तळटीपेत नेले आहेत. ज्या दोन शब्दांवर कुणाच्या तरी औषधाची गोळी थांबवली जाते, त्या शब्दांची ही अवस्था आहे, हे निदान थांबवणाऱ्याला माहीत असावे. आणि हे टोक किती दूर जाऊ शकते, ते 2023 साली केनियातल्या किलिफी जिल्ह्यात शाकाहोलाच्या रानात दिसले. येशूची भेट व्हावी म्हणून उपाशी मरा, असे एका पंथाच्या प्रमुखाने अनुयायांना सांगितल्याचा आरोप झाला आणि तिथून चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले, त्यांत मुलांचेही होते. आपल्याकडचे मेळावे आणि शाकाहोला यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते तसेच राहावे यासाठीच आता बोलले पाहिजे.

मग आत्म्याचे काय? उपवासाने आध्यात्मिक आरोग्य सुधारते की नाही? माझे उत्तर असे की, उपवास हे औषध नव्हे, तपासणी आहे. दुपारचे दोन वाजले, पोटात काही नाही, आणि हाताखालच्या माणसाने चूक केली, त्या क्षणी आपल्या तोंडून जे निघते त्यात आपला खरा अहवाल असतो. भरल्या पोटी तो झाकलेला राहतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने उपास करणाऱ्याला तोंड धुऊन डोक्याला तेल लावायला सांगितले, कारण उतरलेला चेहरा मिरवला की तपासणीचे प्रदर्शन होते. आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यातला परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी पंथाचा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करत होता, पण तो आपला अहवाल शेजारच्या जकातदाराच्या अहवालाशी ताडून पाहत बसला.

यावर प्रोटेस्टंट सुधारणावादी परंपरेतला वाचक एक जुना आक्षेप घेईल. 1522 च्या उपवासकाळात झुरिकमध्ये फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी सॉसेज खाल्ले गेले आणि तिथल्या झ्विंग्ली या धर्मसुधारकाने त्या मोकळिकीची बाजू घेतली. ताटातल्या पदार्थाने कुणी तरत नाही, मग पैसेच द्या, उपाशी कशाला राहायचे? या वाचकाचे पहिले म्हणणे बरोबर आहे आणि सक्तीचा उपवास मलाही नको. पण केवळ पैसे देताना आपण बहुधा उरलेले देतो, ज्याची उणीव भासत नाही ते. पोटाला जाणवलेले देणे वेगळे असते. शिवाय एकट्याचे दान विसरले जाते. सबंध मंडळीने एकाच शुक्रवारी एकच जेवण सोडले की त्याचा आकडा उभा राहतो. जर्मनीतल्या कॅथलिक बिशपांनी 1958 साली कार्डिनल फ्रिंग्स यांच्या पुढाकाराने प्रायश्चित्तकाळातल्या वर्गणीवर ‘मिझेरेओर’ ही मदतसंस्था उभी केली, ती आज जगभर काम करते. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायका तर 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या आहेत. तो उपवास नाही आणि तांदूळही चर्चच्या कामासाठी जातो, पण घराघरातल्या मुठीतून काय साठते हे त्यांनी दाखवून दिले.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. भस्मबुधवारी वेदीवरून उपवासाची घोषणा होते, तेव्हा तिला दोन वाक्ये जोडावीत. एक, औषधे घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अशक्तांनी उपवास करू नये, किंवा डॉक्टरांना विचारून करावा, आणि न केल्याने त्यांचे काही कमी होत नाही. दुसरे, ज्यांनी जेवण सोडले त्यांनी त्या जेवणाची किंमत पाकिटात घालून दारातल्या पेटीत टाकावी, आणि ईस्टरच्या आधी ती रक्कम कुठे गेली ते फलकावर लिहिले जावे. कोलेस्टेरॉलचा उल्लेख नसला तरी चालेल. पापलेटाचा मात्र करावा, भावासकट.